सासऱ्यांचा टाका आणि घडीबाईची उडी

आमच्या माळावर माणसं आकाशातून पडतात. पडली की उठतात, गुडघे झाडतात, चहा मागतात आणि पुन्हा पडायला वर जातात. चरणारी गुरंसुद्धा आता मान वर करत नाहीत. पण पडणाऱ्याच्या पाठीवर जी हवाई छत्री असते ती कुणीतरी घडी घालून ठेवलेली असते, आणि ते कुणीतरी म्हणजे आमची घडीबाई. तिचं खरं नाव आठवायला तिच्या नवऱ्यालाही थोडा वेळ लागतो.

माळाच्या कडेला पत्र्याची लांब शेड आहे, आणि शेडभर लांब टेबल. त्यावर ती छत्री पसरते, दोऱ्या विंचरते आणि कापडातली हवा काढायला त्याच्यावर आडवी होऊन त्याला थोपटत राहते. कापड जोजवल्यासारखं निमूट होतं. मग ती घडी पिशवीत जाते, पिशवीच्या तोंडावर रबरं, रबरांत दोऱ्या अडकवलेल्या, आणि सगळं पाठीवरच्या दप्तरात बंद. उडणाऱ्याने एक लहानशी छत्री वाऱ्यात सोडायची. तिला सगळे पिल्लू म्हणतात. पिल्लू पिशवीला ओढतं, दोऱ्या रबरांतून सुटतात, पिशवी तोंड उघडते आणि मोठी छत्री बाहेर येते. एवढं साधं आहे, आणि एवढ्यावरच माणूस जगतो.

दप्तरात वरच्या अंगाला आणखी एक छत्री असते, राखीव. पहिली दगा देते तेव्हाची. ती मात्र शेडच्या दुसऱ्या टोकाचा मोजपट्टी बांधतो. हा माणूस गळ्यात टेप घालून फिरतो आणि चहाचा कपसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतो. त्याचं आणि घडीबाईचं कधी पटलं नाही. तो राखीव छत्री बांधत नाही, गादी भरतो, असं ती म्हणायची. तो म्हणायचा, बाईच्या घड्या सुंदर आहेत, कपाटात ठेवायला.

आता इथला एक रिवाज असा, की घडी घालणाऱ्याने वर्षातून एकदा आपल्याच घडीखाली उडी मारायची. ज्या हाताने दुसऱ्याचा जीव बांधला त्याने आपलाही बांधून दाखवावा. रिवाज रास्त होता, घडीबाईला पूर्ण मान्य होता, आणि तिने तो कधीच पाळला नव्हता. एका वर्षी गुडघा धरला, एका वर्षी कान गच्च झाला, एका वर्षी नणंदेचं बाळंतपण अगदी उडीच्या मुहूर्तावर आलं. बाळ पुढे पंधरवड्याने झालं ही गोष्ट वेगळी. उडीचं शिक्षण मात्र ती दरवर्षी मन लावून घ्यायची. टेबलावरून जमिनीवर तिच्याइतकी सुरेख उडी कुणी मारत नसे.

यंदा नवे साहेब आले. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की रविवारी उडी नाही तर सोमवारपासून तिकीट-खिडकी. घडीबाई घरी आली आणि न जेवता बसली. खिडकीत बसून कागद फाडायचे, आणि तिच्या टेबलावर कोण, तर मोजपट्टी आपला भाचा आणणार. मरण परवडलं, असं ती म्हणाली. नवरा म्हणाला, तोही पर्याय खुला आहे. त्या दिवशी त्याला ताट आपलं आपणच वाढून घ्यावं लागलं.

शेडची फरशी त्या आठवड्यात रंगवायला काढली होती, म्हणून घडीबाईने आपली छत्री घरी आणली आणि बाहेरच्या खोलीत पलंग भिंतीला लावून घडी घातली. आणि इथेच गोष्टीला गाठ पडली.

तिचे सासरे शिंपी. दुकान बंद केलं तरी हाताला चैन नाही. घरात जे जे उघडं दिसेल ते शिवायचं, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. मुलाच्या पँटच्या खिशातून किल्ली पडली, तर त्यांनी खिसाच वरून शिवून टाकला. आता काही पडत नाही म्हणाले. उशीच्या अभ्र्यांना तोंड म्हणून उरलं नव्हतं. त्या दुपारी सून पाण्याची मोटर बंद करायला मागच्या अंगणात गेली आणि सासऱ्यांना पलंगावर ती पिशवी दिसली. तोंड बंद, पण कशाने? रबराने. त्यांना भडभडून आलं. आपली सून, घराची लक्ष्मी, आकाशातून उडी मारणार, आणि हिशोबाच्या कागदाला लावतात तसल्या रबराच्या भरवशावर? त्यांनी सुई काढली, चांगला मेण लावलेला दुपदरी दोरा ओवला आणि पिशवीच्या तोंडाला आतून लपता टाका घातला. असा, की घालणाऱ्यालाही पुन्हा सापडू नये. मग पेपर उघडून बसले. सून आली, तिने पिशवी दप्तरात घातली, दप्तर बंद केलं. सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि त्यांच्या जिवाला शांत वाटलं.

रविवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. सासरे इस्त्रीचा सदरा घालून कुंपणापाशी उभे राहिले. विमानात घडीबाई डोळे मिटून बसली होती. शेजारी उडीमास्तर, नवख्याबरोबर तोही उडी घेतो आणि छत्री सोडेपर्यंत शेजारी राहतो. दार उघडलं. वारा आत घुसला. ती दारात थांबून उडीमास्तरला म्हणाली, माझा कान गच्च झालाय. त्याला ते ऐकूच गेलं नाही, आणि दोघं बाहेर.

पडताना भीती वाटली नाही, असं ती सांगते. भीतीला चिकटायला जागाच नव्हती. शेतं खाली ठिगळांसारखी पसरली होती आणि सूर्य बाजूला आला होता, शेजाऱ्यासारखा. उडीमास्तरने खूण केली, तिने पिल्लू सोडलं. पिल्लाने आपलं काम चोख केलं. पिशवी उचलली गेली, दोऱ्या सरसर सुटल्या, आणि पुढे काहीच झालं नाही. तिने वर पाहिलं. डोक्यावर पिशवी तशीच, तोंड घट्ट मिटलेली, रुसून माहेरी निघालेल्या बाईच्या गाठोड्यासारखी हेलकावत होती.

तिच्या मनात पहिल्यांदा मरण आलं नाही. आली ती मोजपट्टीची मान, एका बाजूला कललेली. घडी चुकली म्हणणार सगळे. तिने पट्टे धरून गदागदा हलवले. पिशवीला समजावलं, मग दटावलं, मग शिव्या दिल्या.

बाजूला उडीमास्तर पडतच होता. तो तिच्या छातीवरच्या लाल मुठीकडे बोट दाखवत होता. लाल मूठ ओढली की बिघडलेली छत्री तुटून जाते. मग रुपेरी ओढायची की राखीव उघडते. घडीबाईला हे सगळं पाठ होतं. पण रुपेरी मूठ म्हणजे मोजपट्टीची गादी. ज्याला वर्षानुवर्षं नावं ठेवली त्याच्याच हातात आता जीव द्यायचा. तिने उडीमास्तरला हाताने खूण केली, की थांब जरा, बघते मी. पाहुण्याला थांबवतात तशी. जमीन मात्र थांबायला तयार नव्हती. ठिगळांची शेतं झाली, शेतांत झाडं उगवली, झाडाखाली एक बैल दिसला, आणि बैलाला शिंगंही दिसू लागली तेव्हा घडीबाई मोठ्याने म्हणाली, "जळो मेली अब्रू," आणि लाल ओढली. मग रुपेरी.

राखीव छत्री उघडली ती इतकी अलगद, इतकी चौकोनी आणि देखणी, की जीव वाचल्याच्या आनंदाआधी तिला राग आला.

उतरली ती रस्त्यापलीकडच्या धुलाईच्या आवारात, हॉटेलांच्या चादरी वाळत घातलेल्या तिथे. छत्री दोरीवर पसरली आणि घडीबाई दोन चादरींच्या मधून धुलाईवालीसमोर येऊन बसली. त्या बाईने घडीबाईकडे पाहिलंच नाही, कापड हातात घेऊन चारी कोपरे तपासले.

"हिच्यावर खूण नाही. कुठल्या हॉटेलची?"

"आमच्या शेडमधली आहे."

"मग आमच्या दोरीवर कशाला?" असं म्हणून तिने दोन टोकं धरली, घडीबाईने दोन धरली, आणि दोघींनी मिळून त्या जीव वाचवणाऱ्या कापडाची मुकाट्याने चादरीसारखी घडी घातली.

घडीबाई शेडवर परतली तोवर तुटलेली पिशवी माळावर सापडली होती आणि टेबलावर ठेवली होती. भोवती सगळे जमलेले. साहेब, उडीमास्तर, मोजपट्टी. सासरेही कुंपणाकडून आत आले होते. घडीबाईने पिशवीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि तिला कळलं. असा टाका या पंचक्रोशीत एकच हात घालतो. तिच्या लग्नातल्या ब्लाउजला तोच होता. तिने मान वर केली तर म्हातारा दाराशी, इस्त्रीच्या सदऱ्यात. चार माणसांत त्याचं तोंड उतरलेलं तिला बघवणार नव्हतं. टेबल गेलं तर गेलं.

"चूक माझी आहे," ती साहेबांना म्हणाली. "सोमवारपासून खिडकीत बसते."

"चूक कसली?" सासरे पुढे घुसले. "टाका बघा आधी. एवढ्या वाऱ्यात एक तरी उसवला का? सूनबाई, तू घाबरू नकोस, शिवण माझी आहे."

मोजपट्टीने पिशवी उचलली, टाक्यात अंगठा घालून ओढलं, मग पाय टेबलाला लावून सगळ्या जोराने ओढलं. टाका हलला नाही. त्याने अदबीने विचारलं की दोरा कुठला. सासरे म्हणाले, दोरा कुठलाही चालतो, मेण चांगलं हवं. मग मोजपट्टीने त्यांना खुर्ची दिली आणि दोघं मेणावर बोलत बसले. सूनबाई नुकतीच आकाशातून आली आहे हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. मेणाचं संपल्यावर साहेबांनी सासऱ्यांना सगळं समजावून सांगितलं, की त्या पिशवीचं तोंड उघडावंच लागतं. म्हाताऱ्याने सदऱ्याच्या कॉलरमागे खोचलेली सुई काढून सुनेच्या हातात ठेवली.

राहिला रिवाज. मोजपट्टीने नेमकं काढलंच, की बाई उतरल्या त्या माझ्या छत्रीखाली; त्यांच्या घडीची परीक्षा झालीच नाही. साहेबांनाही ते पटलं. घडीबाईलाही पटलं, हे तिचं दुर्दैव. तिने सगळ्यांदेखत दुसरी छत्री पसरली, विंचरली, थोपटली, बंद केली. एकदा मरून आलेल्या माणसाला सबबी सुचत नाहीत. दुपार कलायच्या आत ती पुन्हा दारातून बाहेर पडली.

या वेळी पिशवीने तोंड उघडलं. वर फडफड झाली आणि एकदम सगळं शांत झालं. तिने मान वर केली. इतकी वर्षं तिने हजारो छत्र्या मिटवल्या होत्या. उमललेली छत्री, तिच्या सावलीत लटकून, तिने पहिल्यांदाच पाहिली. ऊन कापडातून गाळल्यासारखं तिच्या अंगावर पडत होतं. खालचा माळ, शेड, माणसं, सगळं तिला मायेचं वाटलं. डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनाही डाव्या कडेची ती चुणी दिसलीच.

गवतावर ती बसल्या बसल्याच उतरली, कारण नजर चुणीवरून हलली नाही. मोजपट्टी सगळ्यांच्या पुढे पळत आला.

"डावीकडे चुणी राहिली होती," ती म्हणाली.

"पाहिली मी खालून." तो थोडा घुटमळला. "माझ्या छत्रीत होती का?"

घडीबाईने पट्टे सोडवले, गवत झाडलं, दोऱ्या हातावर गुंडाळायला घेतल्या.

"नव्हती," ती म्हणाली.

मोजपट्टीने मान डोलावली, गळ्यातला टेप काढला आणि काही कारण नसताना माळाचं गवत मोजायला लागला.