कागदावर लक्ष्मी

"चिठ्ठी हरवली असंल तर पोस्टात जा," जमादार म्हणाला.

ठाण्यातले तिघंचौघं हसले. मीही हसले.

हे आधी लिहून टाकते. नाहीतर पुढे लिहिताना मी ते गाळीन. मला गाळायची सवय आहे.

माझ्या शेजारी नरसम्मा उभी होती. पायात काही नव्हतं. गिरणीतून तशीच आली होती, केसांत कापसाचा भुगा. तिची चार वर्षांची मुलगी सकाळपासून सापडत नव्हती. मुलीचं नाव चिट्टी. आमच्या तेलुगूत चिट्टी म्हणजे चिमुकली. नरसम्माला मराठी मोडकंतोडकं येत होतं. जमादारानं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "चिट्टी गेली. माजी चिट्टी गेली." त्यावर तो पोस्टाचा विनोद.

ते दोन शब्द वेगळे आहेत हे त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. त्यासाठीच वडिलांनी मला तिच्याबरोबर पाठवलं होतं. त्यांना पाळीवर जायचं होतं. म्हणाले, तू शिकलेली आहेस, तू बोल.

मी बोलले नाही. खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर रावसाहेब बसले होते. आमच्या शाळेच्या कमिटीतले. त्यांची मुलगी माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. मी मिशनच्या इंग्रजी शाळेत होते. गिरणीच्या विणकाम खात्यातल्या साहेबाच्या मडमेनं माझं नाव तिथं घातलं होतं. शाळेत मी कधी सांगितलं नव्हतं की मी तेलंगी गल्लीत राहते. वडील गिरणीत 'मास्तर' आहेत एवढंच सांगत असे. मास्तर म्हणजे जो तो आपापलं समजून घेई. घरी तेलुगू बोलतो हेही सांगितलं नव्हतं. माझं मराठी स्वच्छ होतं, इंग्रजी त्याहून स्वच्छ. मी कमी बोलत असे, म्हणून कुणाला संशय येत नसे.

रावसाहेबांनी मला ओळखलं. "तू इथं कशी काय गं?"

मी म्हणाले, "या बाई आमच्याकडे कामाला आहेत. त्यांना मराठी येत नाही."

नरसम्माला तेवढं मराठी येत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग पुन्हा जमादाराकडे पाहून हात जोडले. तिला मूल हवं होतं. मी काय म्हणते याच्याशी तिला त्या वेळी कर्तव्य नव्हतं.

जमादारानं कागद ओढला. "खरं नाव सांग."

"चिट्टी."

"अगं बाई, ते लाडाचं. बारशाचं नाव?"

बारसं झालंच नव्हतं. नरसम्माची आधीची दोन मुलं नाव ठेवल्यावर वर्षाच्या आत गेली होती. म्हणून तिनं नवस बोलला होता की हिला पाच वर्षं पुरी होईपर्यंत नाव ठेवायचं नाही. पुढच्या माघात पाच पुरी होणार होती. आमच्या गल्लीत अशी दोनतीन मुलं असतच. आम्हाला त्यात नवल नव्हतं. मी हे सगळं एका वाक्यात सांगू शकले असते. रावसाहेब ऐकत होते. असल्या नवसाची गोष्ट त्यांच्यासमोर सांगायची मला लाज वाटली.

"नाव नाही म्हणते," जमादार रावसाहेबांना म्हणाला. "नाव नसलेलं माणूस कसं शोधायचं, साहेब?"

"लक्ष्मी लिहा," रावसाहेब म्हणाले. "तेलंग्यांच्या निम्म्या पोरी लक्ष्मीच असतात."

जमादारानं लक्ष्मी लिहिलं. मी लिहिताना पाहिलं. वळणदार अक्षर होतं.

दुसऱ्या दिवशी धुळ्यात आणि पांझरेकाठच्या गावांत दवंडी पिटली. लक्ष्मी नावाची चार वर्षांची मुलगी, रंग सावळा, अंगात हिरवा झगा. दवंडीवाला आमच्या गल्लीच्या तोंडाशीही आला. गल्लीतल्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, आता ही लक्ष्मी कुणाची हरवली?

त्या आठवड्यात गल्ली गल्ली राहिली नाही. पुरुष पाळी सुटली की विहिरींत गळ टाकत. नदीच्या डोहात उतरत. बायका ओट्यावर बसून नरसम्माला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत.

"आई गिरणीत बॉबिनं भरायला जाते. पोर कुणाच्या भरवशावर?"

"ओट्यावर सोडलं होतं ना आपल्याच."

"मग आपण काय राखण करायची?"

चिट्टी शेवटची खेळत होती ती आमच्या ओट्यावर. माझ्या आईनं तिला पाहिलं होतं, चिंचोके मांडत बसलेली. आई तांदूळ टाकायला आत गेली. बाहेर आली तर चिंचोके होते. आई तो आठवडा नीट जेवली नाही आणि नरसम्माच्या समोरही गेली नाही.

बाजारात वेगळंच चाललं होतं. मी भाजी घ्यायला गेले तर रोजची माळीण, जिला सगळे अक्का म्हणत, माझ्या हातातली टोपली पाहून म्हणाली, "तुमना लोके पोरे इकी टाकतस, आनि मंग रडतस." आमचे लोक पोरं विकतात आणि मग रडतात. ती हे भांडायला म्हणाली नाही. वांगी निवडता निवडता म्हणाली, जसं उद्या ऊन पडेल म्हणावं. वर दोन वांगी जास्त घातली.

आम्ही कोण होतो? माझे आजोबा मागावर बसणारे. तिकडे तेलंगी मुलखात माग बंद पडले तेव्हा पाठीवर बोचकी घेऊन आले. मी इथंच जन्मले. पण शहराला आमच्या गल्लीकडे बोट दाखवायचं झालं की आम्ही कालच गाडीतून उतरलेले असायचो.

आणि आम्ही काय केलं? तिसऱ्या दिवशी सातपुड्याकडची एक पावरा आदिवासी बाई सरपणाची मोळी घेऊन गल्लीत आली. दर आठवड्याला येत असे. आमच्या लोकांनी तिला धरलं. मोळी सोडली. एकेक लाकूड बाजूला केलं, जसं काही त्यात चार वर्षांचं मूल बांधलेलं असेल. माझे सख्खे काका तिला म्हणाले, "तुम्ही जंगलातले लोक पोरं पळवता, सगळ्यांना माहीत आहे." तिनं लाकडं पुन्हा बांधली. दोर तुटला होता, म्हणून पदर फाडून बांधली. त्यानंतर ती आमच्या गल्लीत आली नाही. मी दारात उभी राहून हेही पाहिलं. पाहण्यात मी हुशार होते.

शाळेत बाईंनी हरवलेल्या मुलीसाठी प्रार्थना घेतली. माझ्या बाकावरची रावसाहेबांची मुलगी कानात म्हणाली, "तुमच्या मोलकरणीची ना ती?" मी मान हलवली. डोळे मिटून 'आमेन' म्हटलं.

आठव्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. नरसम्मानं कामावर जाणं सोडलं होतं. ती बाजारातून हाका मारत फिरत होती. लक्ष्मी नाही. चिट्टी. "चिट्टी, चिट्टी." लोक हसत होते, पोरं मागे लागली होती. आईनं मला तिच्याबरोबर पाठवलं होतं. मी दहा पावलं मागून चालत होते, बरोबर नसल्यासारखी.

कांद्याच्या ढिगामागे एक म्हातारे शेतकरी बसले होते. नदीपलीकडच्या गावचे. त्यांच्या बरोबरचे त्यांना आबा म्हणत होते. हाक ऐकून ते उठले.

"बाई, काय म्हनस तू? चिट्टी?"

नरसम्मा थांबली. तिला त्यांची अहिराणी कळेना. तिनं मागे वळून मला शोधलं. मी पुढे गेले.

आबा सांगू लागले. आठ दिवसांपूर्वी दिवस मावळायच्या सुमाराला त्यांच्या खळ्यात एक पोर सापडली होती. बहुधा बाजारच्या गाड्यांमागे चालत आली असावी. त्यांच्या घरात भाकरी खाल्ली, दूध प्यायली. "नाव इचारं ते चिट्टी, चिट्टीच म्हने. आम्हले वाटनं, चिठ्ठी मांगस. मी घरमातलं कार्ड दखाडं तिले. ते फेकी दिन्हं."

"मग दवंडी?" मी विचारलं.

"आयकी. दवंडीमा लक्ष्मी. मी इचारं तिले, तू लक्ष्मी शे का? तिनी मुंडी हालाई. नही."

त्यानंतर एक जण आला होता. स्वच्छ धोतर, काळी टोपी, बोलणं शहरी. चाळीसगावला अनाथ मुलांचं घर आहे, तिथं पोचवतो, म्हणाला. गावातले चार लोक म्हणाले, बरं झालं. आबांनी पोरीला गुळाचा खडा दिला आणि त्याच्याबरोबर गाडीत बसवून दिलं.

हे सांगून झाल्यावर आबांनी पागोटं काढून कांद्यांवर ठेवलं. "मी काय करू, बेटा?" ते मला म्हणाले. "नाव तेच ऱ्हातं ते मी देतू का?"

नाव तेच असतं तर. मी ते नरसम्माला तेलुगूत सांगितलं. भर बाजारात, शब्द न गाळता. आठ दिवसांपूर्वी ठाण्यात असं बोलायला पाव मिनिट लागलं असतं. तिनं ऐकून घेतलं. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

वडील आणि काका चाळीसगावला गेले. असं कुठलं घर तिथं नव्हतं. जंक्शनवरून गाड्या मुंबईकडेही जातात आणि भुसावळकडेही. ते दोन दिवस फलाटावर विचारत फिरले आणि परत आले.

नरसम्मा रोज ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसू लागली. हाकलली तरी बसे. मग तिच्याबरोबर गल्लीतल्या आणखी दोघी, मग सहा. ज्या ओट्यावरून बोलत होत्या त्याच. दवंडीतल्या चुकीची गोष्ट बाजारभर झाली होती. एका दुपारी जमादार स्वतः आमच्या गल्लीत आला. बरोबर रावसाहेब. काकांनी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. जमादाराच्या हातात इंग्रजीत लिहिलेला कागद होता आणि शाईची डबी.

"मुंबईच्या पोलिसांना कळवायचंय," जमादार म्हणाला. "त्यासाठी आईचा अंगठा पाहिजे. लवकर करा."

लोक खूश झाले. शेवटी सरकार हललं. नरसम्मानं पदराला हात पुसला.

रावसाहेबांनी मला गर्दीत पाहिलं. मग आमच्या घराकडे पाहिलं, आमच्या ओट्याकडे, दारात उभ्या माझ्या आईकडे. त्यांना कळलं. ते हसले, तसं सौम्यच. "अच्छा. तू इथली होय."

मी म्हणाले, "तो कागद मला वाचू द्या."

"तुला काय करायचंय? सरकारी आहे."

"मला इंग्रजी येतं."

जमादारानं रावसाहेबांकडे पाहिलं. तेवढ्यात मी कागद घेतला. ओढला असं म्हणा. त्यात मुंबईचं नावही नव्हतं. लिहिलं होतं की लक्ष्मी नावाची माझी मुलगी मी माझ्या राजीखुशीनं नातेवाइकांबरोबर पाठवली आहे, पूर्वीची तक्रार गैरसमजानं दिली होती, आता माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

मी आधी इंग्रजीत वाचलं, रावसाहेबांना ऐकू जाईल असं. मग तेलुगूत, गल्लीला ऐकू जाईल असं. रावसाहेबांसमोर मी तेलुगू बोलण्याची ती पहिली वेळ. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

नरसम्माचा अंगठा शाईत बुडालेला होता. मी म्हणाले, "वेलु पेट्टकु, अत्ता." अंगठा लावू नको, आत्या.

तिनं अंगठा लुगड्याला पुसला.

"नीट विचार कर," रावसाहेब मला म्हणाले. आवाज चढवला नाही. "कमिटी तुझ्याविषयी फार चांगलं बोलते. त्यांना काय सांगू मी?"

"सांगा की तिचं नाव चिट्टी आहे. आणि तुम्ही लक्ष्मी लिहायला लावलंत. आणि मी गप्प बसले. तिन्ही सांगा."

जमादारानं कागद परत घेतला. अंगठ्याची जागा कोरी होती.

पुढच्या सत्राला शाळेत माझं नाव नव्हतं. मडमेनं वडिलांना बोलावून सांगितलं की मुलीचं वागणं उद्धट झालंय. वडील घरी येऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "उद्धट म्हणजे काय ते मला इंग्रजीत सांग." मी सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

सात वर्षं झाली. चिट्टी सापडलेली नाही. मी इथं काही गोड लिहिणार नाही. ती कुठं आहे, कुणाच्या घरी भांडी घासते, की काय, मला माहीत नाही. जिवंत असेल तर अकरा वर्षांची असेल आणि तेलुगू विसरली असेल. मी तेव्हा बोलले असते तर ती आबांच्या खळ्यातून घरी आली असती. याला दुसरी बाजू नाही. मी शोधून पाहिली.

पण तक्रार बंद झालेली नाही. नरसम्माच्या अंगठ्याशिवाय ती त्यांना बंद करता आली नाही. कागदावरचं लक्ष्मी खोडून चिट्टी लिहून घ्यायला मला पाच अर्ज लागले. दर महिन्याला नरसम्मा आणि मी ठाण्यात जातो. जमादार तीन बदलले. प्रत्येक नवा म्हणतो, आता काय उपयोग. मी म्हणते, तपास चालू आहे असं लिहून द्या. तो लिहीपर्यंत आम्ही उठत नाही. तो लिहितो. मी वाचते. मग आम्ही उठतो.

आमच्या ओट्यावर आता दुपारी बायका बसतात, गिरणीतून सुटलेल्या. मी त्यांना वाचायला शिकवते. आधी तेलुगू, मग मराठी, मग इंग्रजी, कारण फसवणुकीचे कागद इंग्रजीत येतात. पाच जणींना तिन्ही येतं. मी आजारी पडले तर त्यातली एक ठाण्यात जाईल. त्या पाच आजारी पडल्या तर दुसऱ्या तयार होत आहेत.

ठाण्यात आम्ही दर वेळी एवढंच सांगतो: पोरगी तुम्हाला सापडत नसेल, नका शोधू. पण ती हरवलेली नाही असं तुम्ही लिहायचं नाही. आम्ही लिहू देणार नाही.