‘कै’च्या दोन मात्रा

कुमुद पाटणकर कागदाच्या बाबतीत महाखडूस बाई. मी तिची शेजारीण आणि तिच्या क्लासमधली सगळ्यात ढ विद्यार्थिनी, तेव्हा हे बोलायचा मला पूर्ण हक्क आहे.

नवीन पनवेलला तिच्या हॉलमध्ये आम्ही उठावाची कार्डं शिकतो. रबरी शिक्का उमटवायचा, ओल्या शाईवर पावडर भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनची गरम हवा सोडायची. पावडर वितळते, अक्षरं सोनेरी फुगून येतात. मी पहिल्याच दिवशी ऑफिसच्या शिक्क्याची शाई घेऊन गेले. ती क्षणात वाळली, पावडर काही धरेना. “ही पोस्टात देऊन या,” कुमुद म्हणाली. “आपल्याला चिकट, सावकाश वाळणारी शाई लागते.” खाडीच्या दमट हवेत पावडर नको तिथे चिकटते, म्हणून कागदावर आधी टाल्कमची पुरचुंडी फिरवायची. आणि सगळ्यात कडक नियम असा, की भरड पावडर फक्त पानाफुलांना, अक्षरांना वस्त्रगाळच. मी एकदा ‘मैत्रीण’वर भरड टाकली, तर दोन मात्रा वितळून एकच जाड रेघ झाली. ते कार्ड तिने साऱ्या वर्गात फिरवलं. मेली!

अशा बाईच्या पूर्वी नावाच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिकेवरची नावं कुमुद स्वतः उठवणार होती, पण तिचं घोडं एका अक्षरापाशी अडलं. कुमुदचा नवरा इंद्रजीत न्हावा शेव्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात होता. लेक कॉलेजात शिकत असताना एके दिवशी तो नेहमीसारखा डबा घेऊन निघाला. त्याची बाइक पनवेल स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडली, तो सापडला नाही. पोलीस झाले, इस्पितळं झाली, ज्योतिषीही झाले. आता पत्रिकेत त्याच्या नावाआधी काय घालायचं, श्री. की कै.?

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. “कुमुदताई, वाईट वाटून घेऊ नका. पण श्री. लिहिलंत आणि मांडवात माणूसच दिसला नाही, तर पाहुणे आम्हाला विचारणार. एकदाचं कै. घाला आणि मोकळ्या व्हा.”

मोकळ्या व्हा! माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पूर्वी स्वतःच म्हणाली, “आई, त्यांचं बरोबर आहे. बाबा बाहेरगावी असतात, असं मी अजून किती वर्षं सांगू?” एसटी स्टँडजवळच्या दुकानातून कुमुदने श्री. आणि कै. असे दोन्ही शिक्के करून आणले होते. ते टेबलावर शेजारी शेजारी पडून राहिले आणि ती त्यांच्याकडे बघत बसायची. जेवण सुटलं, क्लास बंद झाला. ही बाई आता मोडते की काय, अशी मला धास्ती वाटायला लागली.

देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका करायच्या दिवशी तिने मला बोलावलं. बाकीची नावं तिने वस्त्रगाळ पावडरीने उठवली, एकेक वेलांटी लखलखीत. मग तिने कै.चा शिक्का उचलला. शिक्का दाबला, आणि तिचा हात भरडीच्या डबीकडे गेला.

“अगं, ती भरड आहे!” मी ओरडलेच.

“माहितीये मला.”

तिने पावडर ओतली, गरम हवा सोडली. ‘क’चं पोट भरून गेलं, दोन्ही मात्रा एकमेकींत विरघळल्या. इंद्रजीतच्या नावाआधी एक सोनेरी गोळा तेवढा उरला.

पूर्वीने पत्रिका हातात घेतली. “आई, हे नीट उठलं नाही. भरड टाकलीस?”

“हो.”

“मुद्दाम?”

कुमुदचे डोळे भरून आले. “सासूबाईंना सांग, आईने कै.चाच शिक्का मारलाय. पण उद्या हे आले, त्यांच्या हाती ही पत्रिका पडली, तर स्वतःचंच मरण कसं वाचतील गं ते?”

मला रडू आवरेना. पूर्वी त्या गोळ्यावरून बोट फिरवत राहिली. मग तिने दुसरी कोरी पत्रिका पुढे ओढली, तिच्यावर पुरचुंडी फिरवली आणि भरडीची डबी उघडून आईच्या हाताशी ठेवली.