आईनं काढलेला पडदा

मधूचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. "ताई, आई गेली..." एवढंच बोलला. नव्वदीची होती, अंथरुणाला खिळली होती, सुटली बिचारी, असं सगळ्यांनी समजावलं. मला ते पटत नाही. सुटायला तिला हवं होतं कुठे? तिनं आयुष्यात काही सोडलं नाही, आम्हाला तर नाहीच.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा साकोलीकडची शेती थोरल्या भावावर सोपवून तिथे रिगर म्हणून लागले. अवजड यंत्रं दोरखंडांनी वर चढवायचं काम. आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं. समोरून दिवसभर ट्रक जात आणि मुरमाची लाल धूळ भातावर, अंथरुणावर, मधूच्या पापण्यांवर बसे. आई दिवसातून चारदा झाडायची, पाचव्यांदा कंबरेवर हात ठेवून हसायची.

एका उन्हाळ्यात मधू खोकल्यानं बेजार झाला आणि बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, आम्हा दोघांना न्यायला आले. सुट्टीपुरतं नाही, कायमचं. बाबा ड्युटीवर होते. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे आई स्वयंपाकखोलीच्या पडद्याआड, मोठे बाबा बाहेर खाटेवर, आणि निरोप पोचवायला मी, सात वर्षांची. आत शेगडीवर कुरडयांचा चीक रटरटत होता. तीन दिवस गहू भिजवून काढलेला. हात थांबला की गाठी झाल्याच.

"पोरी, मायले सांग, लेकरं नेऊन राहिलो मी. तिकडंच शिकतीन. हे काय राहाची जागा आहे?"

आई माझ्या कानात म्हणाली, "सांग त्यायले, लेकरं इथंच राहतीन."

मी बाहेर येऊन मोठ्यानं सांगितलं, "आई म्हणते, घेऊन जा."

पडदा सर्रकन सरकला. डोक्यावर पदर, हात चिकानं भरलेले. "पोरगी खोटं बोलून राहिली, दादा. लेकरं मायबापापाशीच राहतीन. धूळ असो का खोकला असो, मी पाहून घेईन."

तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असावा. ते मान खाली घालून बसले आणि संध्याकाळच्या गाडीनं एकटेच गेले.

चीक अर्थातच खालून लागला. बाबा आल्यावर वास घेऊन म्हणाले, "फेक ना आता ते." आईनं दारावरचा पडदा काढला, अंगणात अंथरला आणि त्याच जळकट चिकाच्या कुरडया त्यावर घातल्या. वाकड्यातिकड्या, गाठींच्या, धूळ बसून तांबूस झालेल्या. वर्षभर आम्ही त्याच खाल्ल्या. "आज प्लँटातलं काय तळलं?" असं बाबा विचारत, आणि आई मुद्दाम त्यांना एक जास्त वाढे. इतकं हसत जेवलेलं मला नंतर आठवत नाही. मधूला कडेवर घेऊन ती रोज दवाखान्यात चालत जायची. खोकला दिवाळीपर्यंत टिकला, पण आई त्याच्याहून चिवट निघाली. पुढच्या खेपेला मोठे बाबा जेवायला बसले आणि थेट तिलाच म्हणाले, "बाई, त्या जळक्या आहेत का अजून?"

तो पडदा पुन्हा दाराला लागला नाही. दर उन्हाळ्यात कुरडयांखाली अंथरला गेला. चार दिवसांपूर्वी मधूच्या बोरसीच्या घरी आईची पेटी उघडली तर तळाशी तोच, विरलेला, धुऊनही तांबूस. वहिनी म्हणाली, "ताई, यंदा वाळवण राहू द्या ना, घरात दुःख झालंय." मी गहू भिजवले. आज सकाळी चीक शिजवला, दोन गाठी झाल्या, त्या तशाच ठेवल्या आणि गच्चीवर पडदा पसरला.

आईनं मला कधीच विचारलं नाही, त्या दिवशी तू तसं का सांगितलं म्हणून. रागावलीही नाही. आता मीच सांगते... आंब्यांसाठी, आई. गावाकडच्या आंब्यांसाठी मी तुला सोडून निघाले होते.