आखाजीची जास्तीची घागर

लग्नानंतरची माझी ती पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या सणाला सासरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, ही आमच्या खानदेशातली रीत. लग्नात रजेवर आलेला माझा भाऊ निरोप देताना म्हणालाही होता, "आखाजीले मीच येसू." सावद्याला सासरच्या ओट्यावर मी पिशवी भरून सकाळपासून बसले होते, आणि आले ते आबा, माझे वडील. भाऊ येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी गल्लीच्या तोंडाशी आबांची टोपी दिसली आणि मला त्यांचा रागच आला.

भाऊ फौजेत होता, शांतिसेनेबरोबर श्रीलंकेला गेलेला. दिवाळी झाली आणि तार आली. इंग्रजीतली ती तार शाळेच्या मास्तरांनी दोनदा वाचली आणि 'सापडत नाही' एवढंच सांगितलं. मायने तेवढंच धरून ठेवलं. "सापडत नही म्हनजे शोधी ऱ्हायनात. सापडी," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पोस्टमनची तर तिने अशी पाठ धरली, की तो बिचारा आमच्या दारापुढून सायकल जोरात मारत सटकायचा.

धुळ्याजवळच्या आमच्या गावी पोचले, तर सगळं दरवर्षीसारखंच होतं आणि त्याचाच मला त्रास झाला. निंबाला झोके बांधलेले, घरोघरी सांजोऱ्या तळल्याचा वास, मैत्रिणी गाणी म्हणत हाका मारतायत. सासरी माझ्या अहिराणीतल्या 'शे'ला, म्हणजे 'आहे'ला, हसतात म्हणून वर्षभर मी जीभ आवरून बोलत होते, ती इथे आल्याबरोबर मोकाट सुटली. मी झोक्यावर चढले. खरं सांगते, उंच जाताना मला मजा आली आणि मजा आली म्हणून स्वतःची शरमही वाटली. आता इतक्या वर्षांनी तो झोका आठवला की शरम आठवत नाही. तोंडावर येणारा वारा तेवढा आठवतो.

आखाजी पोरीबाळींची, तशी पितरांचीही. ऐन उन्हाळ्यात घरच्या गेलेल्या माणसांना तहान लागते, म्हणून मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा आणि पूजा करायची. वर्षभरात घरातलं कोणी गेलं असेल, तर त्याच्या नावाने एक घागर जास्तीची. आदल्या दिवशी कुंभारीण दारात आली आणि नेहमीसारखंच तिने विचारलं, "कितल्या देऊ?"

मग नाना, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, जमिनीकडे बघत म्हणाले, "दोन ठेव."

माय हाताचं पीठ न झटकता चुलीपासून उठून आली. "एकच. मना आंडोर जिता शे. त्यानी घागर भरानी नही."

नानांसमोर पोराबद्दल बोलताना तिचा आवाज असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. नाना काठी उचलून निघून गेले. आबांनी चकार शब्द काढला नाही. मला पुन्हा त्यांचाच संताप आला. घरातला कर्ता माणूस, कोणाची तरी बाजू घ्यावी ना!

सणाच्या सकाळी माय खापरावर पुरणपोळ्या टाकत होती. आबांनी मला खुणेने बाहेर बोलावलं आणि मळ्यात नेलं. विहिरीजवळच्या खोपीत एक कोरी घागर होती. कुंभारणीला पुढच्या गल्लीत गाठून त्यांनी ती गुपचूप आणली होती.

"तू भर," ते म्हणाले. "मना हात चालत नही."

मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. जिवंत पोराला पितरांत बसवता, मायशी दगा करता, असलं सगळं.

"जिता व्हई तं माले पाप लागी. लागू दे," ते म्हणाले. "पन मरेल व्हई तं? इतलं ऊन शे. तो तहानला ऱ्हाई."

मी विहिरीत बादली सोडली, घागर भरली आणि वर आंबा ठेवला. आबा भिंतीकडे तोंड करून रडत होते.

पावसाळा सरता सरता भाऊच्या अक्षरातलं पत्र आलं. तो कैदेत होता, सुटला होता, दवाखान्यात होता. पुढे महिन्याभराने तो घरी आला आणि मीही सावद्याहून धावत आले. तो निम्मा झाला होता. बघायला अख्खं गाव लोटलं. "मी सांगेल व्हतं ना?" असं माय एकेकाला ऐकवत होती. आबा मात्र पोराजवळ बसेनात. तो जेवायला बसला की हे बैलांना चारा घालायला निघत. चौथ्या दिवशी भाऊने मला बाजूला घेऊन विचारलं, "आबा मनावर रागायेल शेत का वं?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे सासरी-माहेरी जगजाहीर आहे. त्या दिवशी मी आबांना हाताला धरून पंगतीला बसवलं आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं. खोपीतली घागर, तिच्यावरचा आंबा, आणि पाणी मी भरलं, हेसुद्धा.

भाऊचा घास हातातच राहिला. आबांनी मान खाली घातली. वाढता वाढता माय थांबली. आता ती वरणाचं भांडं भिरकावते की काय, म्हणून मी ताट मागे ओढलं.

तिने भांडं खाली ठेवलं. माझ्यापाशी येऊन बसली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "पानी थंडं व्हतं ना वं?"