कोरडा कप्तान

कारखान्यात त्याला सगळे कोरडा कप्तान म्हणत, आणि हाक मारली की तोही खुशाल ओ देई. एकतीस वर्षं बोटींच्या कामात गेली, पण हा गडी एकदाही बोटीतून पाण्यावर गेला नव्हता. काम त्याचं कन्सोल बसवण्याचं. चालकापुढची ती पेटी, जिच्यावर स्टिअरिंग, वेगाचा दांडा आणि होकायंत्र असतं. लाकडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेल्या बोटीत शिरायचं, पेटीच्या पोटात निम्मं अंग कोंबायचं आणि वायरींचं जंजाळ जागच्या जागी लावायचं. मग तो उपड्या बादलीवर बसे, डोळे मिटे, हात पुढे करी. स्टिअरिंग आपसूक हाताशी आलं तर ठीक, नाहीतर पुन्हा सगळं खोल.

बादलीवर तो जरा जास्तच रेंगाळे.

"कप्तान, कुठवर पोचलात?" रंगारी खालून विचारी.

"किनारा दिसेनासा झालाय. मध्ये बोलू नको."

नवी बोट पाण्यात चालवून बघायच्या ट्रायलला तिघंच जात, चालक, इंजिनवाला आणि गिऱ्हाईक. होकायंत्र चुकलं, तरच कन्सोलवाल्याला सोबत घेऊन दुसरी फेरी. आणि याचं होकायंत्र एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. आता बोला.

निवृत्तीला आठवडा उरला नि शेवटची बोट आली. होकायंत्राजवळ स्क्रू पितळीच लागतो. लोखंडी लावला तर काटा त्याच्याकडे ओढला जातो. त्या दुपारी कप्तानानं लोखंडी लावला. चांगला जाणूनबुजून. काटा हलका सरकला, त्यानं वरून झाकण बसवलं आणि घरी जाऊन बायकोला सांगितलं, "उद्या बोटीवर जायचंय मला."

"तुम्हाला? त्यांची माणसं संपली वाटतं," ती म्हणाली. पण रात्री निजण्याआधी तिनं त्याचा धुतलेला सदरा इस्त्री करून ठेवला.

सकाळी बोट धक्क्याला लागलेली. गिऱ्हाईक म्हणजे एक डॉक्टरीणबाई. बोट ताब्यात आली की पलीकडच्या बेटावर रोगी बघायला जाणार होत्या. त्यांनी कप्तानालाच गाठलं.

"काका, धुक्यात मला नुसता काटा बघून जाता येईल ना? तिथे खडक आहेत म्हणतात."

"येईल की," तो बोलून गेला, आणि त्याची नजर पेटीच्या झाकणाकडे गेली. ट्रायलमध्ये चूक सापडेलच, असं त्यानं रात्रभर मनाला समजावलं होतं. पण आजचा चालक नवा होता. त्याच्या नजरेतून निसटली तर?

"दहा मिनिटं द्या मला," तो म्हणाला आणि इस्त्रीच्या सदऱ्यासकट पेटीत शिरला. पितळी स्क्रू बसवला, काटा जागेवर आला, आणि तो धक्क्यावर उतरला. त्याला बोटीवर ठेवून घ्यायचं कुणाला कारणच उरलं नव्हतं. बोट निघाली. ठिपका होईपर्यंत तो बघत राहिला.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "कसं होतं पाणी?"

त्यानं सगळं सांगितलं, स्क्रूसुद्धा. ती हसली नाही.

"मग बाई?"

"गेल्या. रेघ मारल्यासारख्या सरळ."

तिनं ताट पुढे सरकवलं. जेवता जेवता तो तिला हातानं दाखवत राहिला, बोट धक्का सोडून पहिल्यांदा वळली ती कशी, आणि वळताना एका अंगाला केवढी झुकली.