विकायच्या घरातली गौर

घर विकायला काढलं तेव्हा मुलाला मी एकच अट घातली होती. गौरी होऊ देत, मग काय ते करा. ह्या घरातली ही शेवटची गौर, ती नीट आत यायला हवी. मुलगा म्हणाला, "हो आई, शुअर." तो शुअर म्हणाला की विसरणार, हे मला ठाऊक असतं.

आमच्या कोकणात गौर म्हणजे तेरडा. परसातला तेरडा मुळासकट उपटायचा, धुवायचा, त्याला साडी नेसवायची. मुळं म्हणजे गौरीची पावलं, ती तुटता कामा नयेत. एकीनं गौर बाहेरून आणायची आणि दुसऱ्या कोणी आतून विचारायचं, कोण आलं? कशाच्या पावलांनी आली? सोन्याच्या पावलांनी आली म्हणून सांगायचं आणि मग तिला घरभर फिरवायचं. प्रत्येक खोलीत विचारतात, इथं काय आहे? आणणारीनं सांगायचं, भरपूर आहे.

देश सोडून इकडे ओटावात आल्यावर मी पुढच्या वाफ्यात तेरडा लावला. मग तो दर उन्हाळ्यात आपणच उगवत राहिला. आतून विचारायचं काम हे करायचे. एवढे शिकलेले इंजिनिअर, पण त्या दिवशी दारामागे निमूट उभे राहायचे. मागच्या हिवाळ्यात ते गेले. विधवेनं गौर आणू नये म्हणतात. म्हणणारं इथं कोणी उरलं नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

मुलगा घराच्या कामासाठी पार पश्चिम टोकाच्या कोक्विटलामहून आला होता. तिथे एका उंच इमारतीत त्याचा काँडो आहे. घर विकलं की मी तिकडे जायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं आणि मी नाही म्हटलं नाही. इथलं बर्फ फावड्यानं उपसायला माझ्यात आता ताकद नाही.

घर विकून देणाऱ्या एजंट बाईचं म्हणणं असं की फॉलच्या, म्हणजे पानगळीच्या, सुरुवातीला पुढचं दार सजवलं की गिऱ्हाईक खूश होतं. तिनं त्यासाठी एक मुलगी पाठवली. त्या मुलीनं आधी घर रिकामं केलं. माझे मसाल्याचे डबे, तांदळाचं पिंप, देव, सगळं खोक्यांत घालून बेसमेंटमध्ये नेलं. दुसऱ्या दिवशी ती बाहेरची सजावट करायला आली तेव्हा मी शेपू आणायला गेले होते.

परत आले तर घर ओळखू येईना. पायऱ्यांवर केशरी आणि पांढरे भोपळे, खांबांना बांधलेली मक्याची वाळकी ताटं, शेवंतीच्या कुंड्या, दारावर पानांचं कडं. दाराशी लहान पोराचे लाल गमबूट ठेवले होते. आत कोणी पोर खेळतंय असं वाटावं म्हणून. ह्या घरातलं शेवटचं पोर पन्नाशीला आलंय आणि त्याचे गुडघे दुखतात.

वाफ्यात तेरडा नव्हता. लाकडाचा चुरा पसरून त्यावर जांभळी शेवंती बसवली होती.

"माझा तेरडा कुठाय?"

मुलगा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "ते डेड दिसत होतं आई. म्हणून तिनं काढलं."

"डेड तर मीही दिसते. मलाही काढायला सांगितलंस का?"

"आई, प्लीज. मीटिंग चालू आहे."

"उद्या गौर आहे. तुला सांगितलं होतं."

त्यानं आवाज बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. "ओ शिट," म्हणाला. मग स्वतःच उठून गराजमध्ये गेला. पालापाचोळ्याच्या कागदी पिशव्या तिथे ठेवल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या जमिनीवर ओतल्या. बरेच तेरडे मोडले होते. चार तेवढे मुळांसकट धड निघाले. त्या पोरीनं उपटले मात्र नीट होते. मी ते रात्रभर बादलीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेरडा धुतला, माझी जुनी हिरवी साडी कापून त्याला नेसवली, हळदकुंकू लावलं. मुलाला दारामागे उभं केलं. काय विचारायचं ते दोनदा म्हणून घेतलं. सुपात गौर घेऊन मी पायऱ्यांपाशी पोचले, तेवढ्यात फोटोवाला आला. तो उद्या येणार होता, पण उद्या पाऊस सांगितला होता म्हणे. हसतमुख माणूस. मला म्हणाला, जरा बाजूला व्हाल का, तुम्ही फोटोत येताय.

मी बाजूला झाले. ड्राइव्हवेच्या टोकाशी सूप धरून उभी राहिले. तो घराचे फोटो काढत होता. भोपळे, शेवंती, लाल बूट. खरंच भरलेलं घर दिसत होतं. मलाही एक क्षण वाटलं की आत कोणीतरी असेल.

तो परसात गेला तशी मी दाराशी आले. आत कोणी विचारेना. मुलगा फोनवर बोलत होता. मी बेल वाजवली.

"आई, उघडंच आहे दार."

"दिसतंय मला. विचार."

त्यानं फोन ठेवला. "कोण आलं?"

"गौर आली."

"कशाच्या... पायांनी?"

"पावलांनी. सोन्याच्या पावलांनी आली."

आत घेतली. स्वयंपाकघरात त्यानं विचारलं, "इथं काय आहे?" ओटा पुसून लख्ख केलेला. एका काचेच्या भांड्यात लिंबं, ती प्लास्टिकची. मी म्हटलं, "धान्य आहे, दूधदुभतं आहे." बैठकीत विचारलं तेव्हा म्हटलं, "माणसं आहेत." मग ह्यांच्या खोलीत गेलो. पलंगावर नवी चादर आणि उगाच पाचसहा उशा. मुलानं विचारलं, "इथं काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"आई, असं म्हणतात?"

"नाही म्हणत."

मग उशा उचलून त्यानं जमिनीवर ठेवल्या आणि पलंगाच्या कडेला बसला. मला वाटलं फोन काढेल. काढला नाही. मी सूप धरून उभी होते, हात भरून आले होते, पण घाई केली नाही.

संध्याकाळी शेपूची भाजी आणि तांदळाची भाकरी केली. घरात वास राहील म्हणून फोडणी करू नका असं त्या बाईनं बजावलं होतं. मी केली. मुलगा दोन भाकऱ्या जेवला आणि मग सगळ्या खिडक्या उघडत फिरला. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं.

तिसऱ्या दिवशी गौर मी एकटीनं बोळवली. बोळवताना तिला पुढच्या वर्षी ये म्हणायचं असतं. दरवर्षी म्हटलं आहे. ह्या वेळी दहीभात ठेवला, नमस्कार केला आणि तिला खरं ते सांगितलं. इथं येऊ नकोस बाई. दार उघडेल तिला तू कोण ते कळायचं नाही.