घर एक नंबर शेण

मी माझ्या मेहुण्याच्या नव्या घराला, त्याच्या बायकोला आणि हार घातलेल्या तसबिरीतल्या सासऱ्यांना, अख्ख्या गोतावळ्यासमोर, लेखी, शेण म्हटलं.

का? तर बायकोला माहेरी जायचं होतं म्हणून.

झालं होतं असं. कळसाडीला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात वरण-बट्टीचं जेवण होतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली बट्टी. माझ्या पानातली नेमकी आतून कच्ची निघाली. गुपचूप वरणात बुडवून खावी की नाही? मी ती उचलून भर मांडवात सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, "क्रिकेटले चालई!" मांडव हसला, मेहुणा नाही हसला. तेव्हापासून बोलणं बंद. आता त्यानं घर बांधलं, वास्तू तोंडावर आली, सगळ्या भाऊबंदांना निमंत्रणं गेली आणि आमचा फोन काही वाजेना. वाजला की बायको धावायची. तो गॅसवाल्याचा निघायचा.

शेवटी तीच म्हणाली, "मन्हा भाऊ रोज त्या साईटवर घरना फोटो टाकस. तुम्ही बी खातं उघडा नि फोटोखाल दोन गोड शब्द लिखा. तोंड तुम्ही उघडं व्हतं, आते निस्तरा बी तुम्हीच."

मी शहाद्यात पिठाची गिरणी चालवतो. दळण चालू ठेवूनच खातं उघडायला बसलो. साईटनं आधी, मी यंत्र नाही याचा पुरावा मागितला. चौकोनांमधले सिग्नल ओळखा म्हणे. चष्म्यावर गव्हाचं पीठ, मला तर सगळीकडे धुकंच दिसत होतं. बऱ्याच वेळा नापास झाल्यावर एकदाचा मी माणूस ठरलो.

आता घरच्या माणसाला काय पुण्याच्या भाषेत लिहायचं? अहिराणीतच लिहिलं. आमच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात. पण फोनला कुठली आलीय अहिराणी! मी 'शे' लिहून जागा सोडली की त्याला वाटायचं, बुवाचा शब्द अर्धाच राहिला. आणि तो बिचारा पुरा करून द्यायचा.

घराखाली गेलं, 'घर एक नंबर शेण.' वहिनी तुळशीपाशी उभ्या होत्या, त्यांच्याखाली, 'वहिनी साक्षात लक्ष्मी शेण.' आणि सासऱ्यांच्या तसबिरीखाली, 'मामाना आशीर्वाद पाठीशी शेण.'

लगेच पिवळे चेहरे उगवायला लागले. सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, सासऱ्यांच्या आठवणीनं लोक गहिवरले. मलाही भरून आलं. त्या भरात मी गोठ्याच्या फोटोखालीही लिहिलं. तिथलं तेवढं बरोबर निघालं.

बायको डबा घेऊन आली ती हातातला फोन नाचवतच. "अहो, हाई काय लिखं?"

"गोड शब्द."

"शेण गोड ऱ्हास का?"

मी चष्मा पुसला. वाचलं. परत पुसला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊ! मी गिरणी बंद केली. तिनं स्पीकर लावला आणि तो काही बोलायच्या आतच रडायला लागली. "भाऊ, त्यास्ना फोन बिघडेल शे रे..."

पलीकडून आधी नुसतं खोकल्यासारखं काहीतरी येत राहिलं. मग कळलं, मेहुणा हसत होता.

"आक्का, रडू नको. मन्हा फोन बी असाच शे. मी सोसायटीना चेअरमनले 'तुम्ही देवमाणूस शेण' लिखी बसनू. चेअरमन आजबी बोलतस नही. वास्तूले या दोन्ही जन."

बायकोनं पदरानं डोळे पुसले. मी घसा साफ करून माफीचं काहीतरी जुळवत होतो, तोच आवाज आला.

"आनि दाजी, आयकी ऱ्हायनात ना? लग्नमा गोवऱ्या कमी पडन्यात म्हनीसन बट्टी कच्ची ऱ्हायनी व्हती. आते तुम्ही येतस, म्हनजे शेणनी कमी पडाव नही."